मराठी रोल-प्लेइंग गेम बांधायला बसलेल्या मुंबईकरांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

ज्यांच्या वहीत एका मराठी रोल-प्लेइंग गेमचा नकाशा काढून झालाय, पात्रांची नावं ठरलीत आणि 'लढाई' या शब्दापुढे अजून नुसतंच प्रश्नचिन्ह आहे, अशा मुंबईतल्या सगळ्या मंडळींसाठी हे पत्र. तुमच्यातले काही ॲनिमेशन शिकताहेत, काही दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचा कोड सांभाळून रात्री स्वतःचा लिहिताहेत. नमुना म्हणून तुम्ही गेल्या दोन-तीन वर्षांतले गाजलेले गेम समोर ठेवता. ते ठेवाच. त्यांच्या शेजारी एक जुना गेम मात्र जरूर ठेवा: 'फायनल फँटसी १२'.

हाच का, तर याच्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट एकाच मुळातून निघालीय. खेळाचे नियम खेळाडूच्या हातात द्यायचे की त्याच्यापासून लपवायचे? या गेमने एकाच डिस्कवर दोन्ही टोकांची उत्तरं देऊन ठेवलीत. शिकायला इतकी सोयीची जागा क्वचित मिळते.

मूळ गेम मार्च २००६ मध्ये जपानात प्लेस्टेशन २ वर आला, ऑक्टोबरअखेर अमेरिकेत. २००७ मध्ये जपानपुरती एक सुधारित आवृत्ती निघाली आणि तिच्यावरून २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी 'द झोडियाक एज' बनला. पुढे तो २०१८ मध्ये पीसीवर आणि २०१९ मध्ये स्विच व एक्सबॉक्स वनवर आला. तुम्ही हाच घ्या, पण मूळ गेममध्ये काय होतं आणि नंतर काय बदललं तेही शोधून वाचा. बनवणाऱ्यांनी स्वतःच्या चुका कुठे मान्य केल्या ते त्यातून कळतं. जपानच्या 'फामित्सू' मासिकाने मूळ गेमला ४० पैकी ४० गुण दिले होते. ते मनावर घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा, गॅम्बिट. पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूच्या टोळीतल्या, प्रत्येक पात्राला नियमांची एक यादी असते, जास्तीत जास्त १२ ओळींची. ओळीच्या डाव्या बाजूला कोणावर आणि कोणत्या परिस्थितीत, उजव्या बाजूला काय करायचं. पात्राची पाळी आली की यादी वरून खाली वाचली जाते आणि जी पहिली ओळ लागू पडेल तीच अमलात येते. त्याखालच्या ओळींकडे कोणी बघत नाही. कोड लिहिणाऱ्याला हे 'इफ-एल्स' वाटेल, आणि आहेही तेच, फक्त खेळाडूला तो शब्द कधी ऐकावा लागत नाही. तुम्ही मध्येच हाताने हुकूम दिलात तर तो यादीच्या वर चढतो, काम झालं की पात्र पुन्हा यादीवर येतं.

उपचार करणाऱ्या पात्राची एक साधी, चालणारी यादी अशी (एचपी म्हणजे उरलेला जीव, नेता म्हणजे तुम्ही चालवता ते पात्र; फिनिक्स डाउन पडलेल्याला उठवतं, एसुना विषासारखी बाधा काढतो, क्युअर हा बारका उपचार आणि क्युरागा मोठा):

१. सोबती, कोणीही → फिनिक्स डाउन
२. सोबती, एचपी ४०% हून कमी → क्युरागा
३. सोबती, कोणीही → एसुना
४. सोबती, एचपी ७०% हून कमी → क्युअर
५. शत्रू, नेत्याने धरलेला → हल्ला

पहिल्या ओळीत 'कोणीही' आहे म्हणून पात्र धडधाकट माणसांवर फिनिक्स डाउन उधळत बसत नाही. कृतीचा काही उपयोग होणार असेल तरच ओळ लागू पडते, असा आतला हिशेब आहे. कोणी पडलेलं नसेल तर पहिली ओळ आपोआप ओलांडली जाते, कोणाला विष वगैरे बाधलं नसेल तर तिसरी. इथे अनुक्रमाला काय किंमत आहे बघा. पाचवी ओळ सगळ्यात वर नेलीत तर शत्रू समोर असेपर्यंत हल्ला नेहमीच लागू पडतो, त्यामुळे तुमचा वैद्य सगळे मरेपर्यंत तलवार फिरवत राहतो. चौथी ओळ दुसरीच्या वर नेलीत तर चूक लवकर सापडतसुद्धा नाही, कारण उपचार होत असतात. पण ३०% हे ७०% हूनही कमीच, म्हणून मरणाच्या दारातल्या माणसालाही बारका क्युअर मिळतो आणि क्युरागापर्यंत यादी पोचतच नाही. अरुंद अट वर, रुंद अट खाली, हे खेळाडू अशा दोन-तीन पराभवांतून आपलं आपण शिकतो. शिकवणीचा एकही चौकोन मध्ये येत नाही.

एक गोष्ट मात्र गेम सांगत नाही. फिनिक्स डाउन संपले की पहिली ओळ मुकाट्याने निकामी होते. सुरुवातीच्या गरिबीत एक फिनिक्स डाउन २५० गिलला (गिल हे गेममधलं नाणं) पडतं, तेव्हा ते संपतातच. 'या ओळीचा माल संपलाय' एवढं लढाईच्या पडद्यावर दाखवलं असतं तर बरंच रडगाणं टळलं असतं. तुम्ही दाखवा.

दुसरं उदाहरण राबानास्त्र शहराबाहेरच्या एस्टरसँड वाळवंटातलं. नवा खेळाडू तिन्ही पात्रांना 'शत्रू, जवळचा दिसेल तो → हल्ला' ही एकच ओळ देतो. लांडग्यांपुरतं ठीक चालतं. पण त्याच वाळूत एक भलामोठा सरडाछाप राक्षस, वाइल्ड सॉरियन, संथपणे फिरत असतो. तुम्ही डिवचला नाहीत तर तो तुमच्या वाटेला जात नाही. लांडगा संपला, पुढचा 'जवळचा' कोण? तोच. तीनही पात्रं इमानदारीने त्याच्यावर धावून जातात आणि काही सेकंदांत पडदा काळा. खेळाडू आधी पात्रांना शिव्या देतो, मग यादी उघडतो, आणि स्वतःच लिहिलेली ओळ तिथे शांतपणे बसलेली असते. उपाय सोपा: नेत्याची यादी बंद ठेवून तो हाताने चालवायचा आणि बाकी दोघांना 'नेत्याने धरलेला शत्रू' ही अट द्यायची. अशा मरणाचा राग येत नाही, कारण चूक कोणाची हे लिहून ठेवलेलं असतं.

तसंच आगीचं. 'शत्रू, कोणीही → फायर' लिहून बॉम्ब नावाच्या शत्रूंसमोर गेलात तर ते आग पिऊन ताजेतवाने होतात. 'शत्रू, आगीला कच्चा → फायर' लिहिलंत की प्रश्न मिटतो.

'मग गेम स्वतःच खेळतो, आपण करायचं काय?' हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे, आणि तो निम्मा खरा आहे. यादी जमली की साध्या शत्रूंच्या टोळ्या तुम्ही चहा ओतेपर्यंत साफ होतात. झोडियाक एजमध्ये तर वेग दुप्पट किंवा चौपट करता येतो, तेव्हा नुसतं चालत राहायचं. पण नवा शत्रू नवी अडचण घेऊन येतो, यादी कोलमडते आणि खरा खेळ तिथे सुरू होतो. आमच्या मते दोष वेगळाच आहे: यादी कोलमडायचे प्रसंग पुरेसे दाट पेरलेले नाहीत. बारक्या लढाया निम्म्याने कमी करून प्रत्येकीत एक नवी अट लागेल अशी रचना केली असती तर हा आक्षेप उभाच राहिला नसता.

यंत्रणेतही खोड्या आहेत. एका ओळीत एकच अट बसते. 'उडणारा आणि आगीला कच्चा' असं एकत्र लिहिता येत नाही. मूळ गेममध्ये अटी दुकानातून विकत घ्याव्या लागत आणि दुकानात त्या टप्प्याटप्प्याने येत, म्हणजे डोक्यात नियम तयार असे पण शब्द विकायला आलेला नसे. एका पात्राच्या तीन वेगळ्या याद्या साठवायची सोय तर २०१९ च्या स्विच आणि एक्सबॉक्स आवृत्तीपर्यंत नव्हती. त्याआधी प्रत्येक मोठ्या लढाईपूर्वी १२ ओळी पुन्हा रचायच्या. ही गैरसोय तुम्ही पहिल्या दिवशीच टाळू शकता, त्याला पैसे पडत नाहीत.

लढाईत कोण कोणावर रोखून आहे हे कमानदार रेघांनी दिसतं: आपली शत्रूकडे जाणारी निळी, शत्रूची आपल्याकडे येणारी लाल, सोबत्याला मदतीची हिरवी. तीन रंगांत सगळं राजकारण. ही उचला, लाजू नका.

आता दुसरं टोक.

मूळ गेममधलं सगळ्यात जबर शस्त्र म्हणजे झोडियाक स्पिअर हा भाला. तो नबुडिसच्या भग्न शहरात एका पेटीत मिळतो, पण त्याआधी चार ठरावीक पेट्या उघडलेल्या नसतील तरच. एक लोटाउनमध्ये म्हाताऱ्या दालानच्या घराजवळ, एक राजवाड्याच्या तळघरात, एक नालबिनाच्या तुरुंगात तुमचं जप्त सामान ठेवलेल्या जागी, आणि एक फॉन किनाऱ्यावर १६ पेट्यांच्या झुबक्यात. त्या चारही दिसायला इतर पेट्यांसारख्याच. कोणी पात्र सूचना देत नाही, भिंतीवर खूण नाही, दंतकथा नाही. पहिली पेटी सुरुवातीच्या काही तासांत समोर येते आणि तिचा हिशेब कित्येक तासांनी नबुडिसमध्ये चुकता होतो. पेटी दिसली की उघडायची, हे रोल-प्लेइंग गेमनीच खेळाडूला वर्षानुवर्षं शिकवलेलं, आणि त्याच सवयीची ही शिक्षा. हेने खाणीत दुसरा भाला मिळायची शक्यता होती, पण हजारात एक. झोडियाक एजमध्ये चार पेट्यांची अट काढून टाकलीय. ती चूक होती हे बनवणाऱ्यांनीही त्यातून मान्यच केलं.

काढली, पण खोड गेली नाही. नंतरच्या आवृत्त्यांत सेटेनग्राट नावाचं धनुष्य आलं. ते हवाई जहाजाच्या डेकवर एका अदृश्य पेटीत असतं. पेटी अदृश्य! साध्या पेट्यांचंही तेच: पेटी तिथे असेलच असं नाही, असली तर तिच्यात पैसे की वस्तू हा नशिबाचा भाग, आणि डायमंड आर्मलेट घातलं की आतला माल बदलतो. मग लोक काय करतात? दोन भाग पुढे जायचं, परत यायचं, पेटी बघायची, पुन्हा जायचं. याला साहस म्हणत नाहीत, हेलपाटे म्हणतात.

बाजाराची गोष्ट अधिक वाईट वाटते, कारण तिची कल्पना छान आहे. या जगात लांडगा मारला की त्याच्या पोटातून नाणी पडत नाहीत, कातडं मिळतं. ते दुकानात विकायचं, त्याचे पैसे. एकाच जातीचे शत्रू सलग मारले तर माल वाढत जातो. आणि ठरावीक माल ठरावीक संख्येने विकला गेला की दुकानदार त्यातून नवी वस्तू विक्रीला ठेवतो. कच्चा माल खाली, तयार माल वर, क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत फिरलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पण कोणता माल किती विकायचा हे गेम सांगतच नाही. टूर्नसोलसारखी तलवार हवी असेल तर इंटरनेटवरचा तक्ता शेजारी उघडून बसायचं. दुकानदाराने नुसतं 'अजून दोन शिंगं आणा, मग बघतो' म्हटलं असतं तर हा गेममधला सगळ्यात जिवंत भाग झाला असता. तुमच्या गेममधल्या दुकानदाराला बोलतं करा.

परवान्यांच्या पटाबद्दल थोडक्यात. तलवार विकत घ्यायची आणि वर ती वापरायचा परवानाही गुण खर्चून घ्यायचा, असा दुहेरी भुर्दंड आहे. मूळ गेममध्ये सहाही पात्रांना एकच पट होता, त्यामुळे शेवटी सगळे सारखेच व्हायचे. २००७ मध्ये राशींवरून १२ पेशे आले, प्रत्येकाचा पट वेगळा, आणि २०१७ मध्ये एका पात्राला दोन पेशे घेता येऊ लागले. सुरुवातीला निवड थोडी आणि ठळक ठेवणं, हे त्यांना पूर्णपणे जमायला अकरा वर्षं लागली.

कथा. दाल्मास्का हे छोटं राज्य दोन साम्राज्यांच्या कात्रीत सापडलेलं, नवरा आणि बाप गमावलेली राजकन्या ॲश, आणि तिच्यापुढे सूड घेऊ शकेल अशा शक्तीचा मोह. ॲशचा धागा शेवटपर्यंत घट्ट आहे. पण पडद्यावर पुढे उभा असतो व्हान हा पोरगा, आणि त्याला कथेत करण्यासारखं फारसं काही नाही. दिग्दर्शक यासुमी मात्सुनो यांनी २००५ मध्ये आजारपणामुळे काम सोडलं, पुढे हिरोयुकी इतो आणि हिरोशी मिनागावा यांनी ते तडीस नेलं. त्याचा कथेवर किती परिणाम झाला यावर चाहते अजून हमरीतुमरीवर येतात. आम्ही फक्त नकाशाकडे बोट दाखवू. मोस्फोराचा डोंगर, सालिकाचं जंगल, फॉन किनारा, चिताचं माळरान, सोचेनची गुहा, आणि मग कुठे आर्केडिस. एवढ्या वाटेवर कथा जवळपास गप्प असते. प्रत्येक जागा देखणी आहे, पण कर्जतची गाडी सुटली आणि मधल्या एकाही स्टेशनचं नाव कोणी पुकारलं नाही, तसं वाटत राहतं. दर तास-दीड तासाने पात्रांना आपसात दोन वाक्यं बोलू द्या, भांडण असलं तरी चालेल.

शिकारीची सोय मात्र उत्तम. एकूण ४५ जनावरांची शिकार. फलकावर नोटीस वाचायची, मग आधी तक्रारदाराला जाऊन भेटायचं, जनावर मारायचं आणि परत त्याच माणसाकडे जाऊन बक्षीस घ्यायचं. मधली ती भेट महत्त्वाची. तिच्यामुळे शत्रू हा कोणाच्या तरी रोजच्या डोकेदुखीचा भाग होतो. शेवटचं जनावर यियाझ्मात, त्याला तेवढं हसून सोडा: ५ कोटींहून जास्त एचपी, आणि मूळ गेममध्ये एका वाराला ९९९९ ची मर्यादा, म्हणजे पूर्ण ताकदीचे ५ हजारांहून जास्त वार. मध्येच निघून, सेव्ह करून परत यायची मुभा ठेवली होती, एवढी तरी माणुसकी.

मुंबईकर म्हणून एका जागेकडे खास लक्ष द्या: गिझाचं माळरान. तिथे कोरडा ऋतू आणि पावसाळा आलटून पालटून येतात. पावसाळ्यात पायवाटा पाण्याखाली जातात, नेहमीचे रस्ते तुटतात, वेगळे शत्रू बाहेर पडतात, भटक्यांची वस्ती उठून जाते. नकाशा तोच, गाव दुसरं. आपल्याकडे बनलेल्या बहुतेक नमुना-गेममध्ये पाऊस म्हणजे पडद्यावर तिरक्या रेघा आणि ढगांचा आवाज. हिंदमाताला कमरेएवढं पाणी आणि मिलन सबवे बंद, या दोन गोष्टींनी शहराचा नकाशा कसा बदलतो हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? भरतीची वेळ आणि पावसाचा जोर, एवढ्या दोन आकड्यांवर रस्ते उघडबंद करता येतील.

सेव्हचंही मुंबईपुरतं सांगायला हवं. मूळ गेममध्ये ठरावीक स्फटिकापाशीच सेव्ह होत असे, आणि काही स्फटिक तर सोंग घेतलेले शत्रू निघत. झोडियाक एजमध्ये भाग ओलांडला की आपोआप सेव्ह होतं. तुमचा खेळाडू हातातल्या यंत्रावर ठाणे ते दादर या वेळात खेळणार आहे, आणि दादरला उतरायचं की नाही हे तो ठरवत नाही, मागचा लोंढा ठरवतो. कुठल्याही क्षणी बंद, तिथूनच पुन्हा सुरू, याला पर्याय नाही.

आणि आता भाषा. या गेमच्या इंग्रजी रूपात प्रत्येक प्रदेशाला वेगळी बोली दिलीय. भुजेर्बा या तरंगत्या शहरातल्या लोकांचे उच्चार श्रीलंकन वळणाचे आहेत, आणि त्यांच्या तोंडी 'भद्र' आहे, वाटाड्यांना ते 'परिजन'सारख्या शब्दाने हाक मारतात. संस्कृत शब्द जपानी गेमच्या इंग्रजीतून आपल्याला ऐकायला मिळतात आणि आपल्या नमुन्यांतला मालवणचा दर्यावर्दी, वऱ्हाडातला सावकार आणि आगरी कोळीण तिघंही बातम्यांच्या मराठीत बोलतात. हे बदला.

पण त्याआधी अक्षरं नीट दिसू द्या. काही इंजिनांच्या (गेम बांधायच्या सॉफ्टवेअरच्या) मजकूर-घटकात देवनागरीची जुळणी होत नाही. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये काही जोड न देता 'किल्ला' लिहून बघा: ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'ल्ल' पाय मोडून सुटा उभा राहतो. गोदो ४ आणि अनरिअलमध्ये ही जुळणी आतच आहे. कुठलंही इंजिन निवडण्याआधी 'दुसऱ्या किल्ल्यातल्या शक्तीचा ऱ्हास' एवढी ओळ छापून बघा. बरेचसे सापळे त्यात आहेत.

त्याहून मोठा सापळा व्याकरणाचा. कोडमध्ये 'नाव' अधिक 'ने' असं जोडलंत की 'तलवारने' आणि 'भालाने' छापून येतं. मराठीत तलवारीने, भाल्याने, गदेने, धनुष्याने. म्हणून वस्तूंच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून चार रकाने ठेवा: मूळ रूप, सामान्यरूप, अनेकवचन, लिंग. लिंग नसेल तर 'तलवार मिळाला' ठरलेलंच. जिथे जमेल तिथे वाक्यच टाळा: 'नवी वस्तू: तलवार × ३' यात काही मोडत नाही.

इथे गॅम्बिट पुन्हा कामी येतं. 'सोबती, एचपी ४०% हून कमी → औषधी काढा' या ओळीत प्रत्येक शब्द सुटा आहे. प्रत्यय जोडावा लागत नाही, लिंग बघावं लागत नाही, डावीकडचा कुठलाही तुकडा उजवीकडच्या कुठल्याही तुकड्यासमोर बसतो. बाणामुळे क्रियापद लागतच नाही. नियमांची यादी मराठीत आणायला संवादांपेक्षा कितीतरी सोपी आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. एक खोली, तीन पात्रं, प्रत्येकाला सहा ओळी, चार जातींचे शत्रू: एक उडणारा, एक आग पिणारा, एक विषारी, आणि एक डिवचल्याशिवाय न चावणारा. ग्राफिक्स म्हणून रंगीत चौकोन चालतील. ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरला नाही अशा कोणाला तरी समोर बसवा, काही समजावू नका, आणि तो हरल्यावर आपली यादी उघडतो की तुमच्याकडे बघतो, तेवढं टिपून ठेवा.

आपले,
मुंबईतले काही जुने कन्सोल-खेळाडू